खलाशाच्या मनगटावरची थर्मोइलेक्ट्रिक फिल्म: दमट हवेत वीज कुठे गळते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून समुद्रावर जाणाऱ्या खलाशांना मनगटावर बांधता येईल आणि बॅटरीशिवाय, त्वचा आणि हवा यांच्या तापमानातील फरकातून वीज करून (थर्मोइलेक्ट्रिक पद्धतीने) संदेश पाठवेल असा पट्टा आपल्याला तयार करायचा आहे. त्यासाठी २५ मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिइमाइडच्या (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) ५ मिलिमीटर रुंद फितीवर थर्मल इव्हॅपोरेशनने (निर्वातात पदार्थ तापवून, त्याची वाफ बसवून) बिस्मथ टेल्युराइडच्या (एन-प्रकार, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) आणि बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या (पी-प्रकार, म्हणजे होल, अर्थात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, यांनी वीज वाहणारा) आलटूनपालटून ५० जोड्या आपण बसवल्या आहेत. फिल्मची जाडी सुमारे १ मायक्रोमीटर असून प्रत्येक पट्टी १ मिलिमीटर रुंद आहे. ही फीत कडेवर उभी करून, नागमोडी वळवून, आपण सिलिकॉन रबरात ओतली आहे. हॉटप्लेट आणि थंड पत्रा यांच्यामध्ये ३० केल्विनचा फरक दिला की साडेचारशे मिलिव्होल्ट मिळतात; मनगटावर मात्र दहा-बारा मिलिव्होल्टच्या वर आकडा जात नाही, घाम आला की तो वाटेल तसा हलतो, आणि एका पावसाळ्यात रेझिस्टन्स तिप्पट झाला. तेव्हा कोणते डोपिंग (वीजवाहकांची संख्या बदलण्यासाठी केलेली भेसळ) किंवा कोणती नॅनोरचना केली म्हणजे झेडटी (पदार्थाची थर्मोइलेक्ट्रिक गुणवत्ता सांगणारा आकडा) वाढेल, असे आपण विचारले आहे.

फिल्ममध्ये सुधारणेला वाव आहे आणि त्याविषयी मी पुढे सविस्तर लिहितो. पण आपल्या पट्ट्यातली सर्वांत मोठी गळती फिल्मच्या बाहेर आहे, आणि ती बुजवल्याशिवाय फिल्मवर घेतलेली मेहनत मनगटापर्यंत पोहोचणार नाही. थर्मोइलेक्ट्रिक साधनाचे व्होल्टेज तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते, तर पॉवर त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून फिल्मच्या दोन टोकांमध्ये प्रत्यक्षात किती केल्विन पडतात, हाच पहिला प्रश्न आहे.

त्वचेचे तापमान ३४ आणि हवेचे ३० अंश सेल्सिअस धरू. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारची हवा ३२-३३ अंशांवर असते, तेव्हा ३० हा आकडाही उदारच म्हणायचा. या चार अंशांपैकी बराच वाटा पट्ट्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून असलेल्या हवेच्या थरातच खर्च होतो. वारा नसताना संवहन आणि प्रारण मिळून पृष्ठभागावरून साधारण १० वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन इतकीच उष्णता निघून जाते. म्हणजे हवेच्या बाजूचा औष्णिक रोध ०.१ चौरस मीटर केल्विन प्रति वॉट झाला. आता आपले सिलिकॉन रबर पाहा. त्याची उष्णतावाहकता सुमारे ०.२ वॉट प्रति मीटर केल्विन आहे, त्यामुळे ५ मिलिमीटर जाडीचा रोध ०.०२५ येतो. एकूण ०.१२५ पैकी ०.०२५, म्हणजे एक पंचमांश. चार केल्विनपैकी फिल्मच्या वाट्याला आले ०.८ केल्विन. प्रत्येक पट्टीचा सीबेक गुणांक (एका केल्विनच्या फरकाला मिळणारे व्होल्टेज) १५० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन धरला, तर ५० जोड्यांचे १५ मिलिव्होल्ट प्रति केल्विन होतात आणि ०.८ केल्विनला १२ मिलिव्होल्ट मिळतात. आपल्याला मनगटावर मिळालेला आकडा हाच आहे. फिल्म आपले काम चोख करते आहे. तिला तापमानातला फरक मिळत नाही, एवढेच.

सिलिकॉनच्या जागी पॉलिइथिलीनचा बंद पेशींचा फोम वापरला तर त्याची वाहकता ०.०३५ च्या आसपास असते, रोध ०.१४ पर्यंत जातो आणि फिल्मला चारपैकी सुमारे २.३ केल्विन मिळतात. व्होल्टेज जवळजवळ तिप्पट आणि पॉवर आठ-नऊ पट होते, तीही फिल्मला हात न लावता. डोपिंगने इतका फायदा झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. फोम निवडताना तो बंद पेशींचाच आहे याची खात्री करून घ्यावी. उघड्या पेशींचा फोम घाम शोषून घेतो आणि तासाभरात सिलिकॉनपेक्षाही वाईट ठरतो. पट्टा मनगटावर नीट वळावा म्हणून आपण सिलिकॉन घेतले असावे. तो गुण हवाच असेल, तर त्वचेला लागणारा अर्ध्या मिलिमीटरचा थर तेवढा सिलिकॉनचा ठेवावा.

येथेच आडव्या फिल्मविषयीचा एक गैरसमज दूर करतो, कारण काही जण १ मायक्रोमीटरची फिल्म त्वचेवर सपाट चिकटवून तिच्या जाडीतून उष्णता जाऊ देतात आणि वीज का मिळत नाही म्हणून चकित होतात. १ मायक्रोमीटर जाडी आणि १ वॉट प्रति मीटर केल्विन वाहकता यांचा रोध हवेच्या रोधाच्या एक लक्षांश भरतो. चार केल्विनपैकी फिल्मवर पडतात ४० मायक्रोकेल्विन. आपण फीत कडेवर उभी केली हा निर्णय योग्यच आहे.

आता फिल्मकडे वळू. फोम बसवल्यावर आपल्या पट्ट्यातून जाणाऱ्या उष्णतेचा मोठा हिस्सा फोममधूनच जाणार, फिल्ममधून अगदी थोडी. त्यामुळे झेडटीच्या सूत्रातील छेदस्थानी असलेली उष्णतावाहकता कमी करण्यासाठी नॅनोकण घालणे किंवा कणसीमा (फिल्ममधील स्फटिककणांच्या सीमा) वाढवणे यांचा या साधनात जवळजवळ काहीही उपयोग नाही. उलट कणसीमा वाढल्याने वाहकांची गतिशीलता घटते आणि रेझिस्टन्स वाढतो. सबस्ट्रेटचेही (फिल्मखालच्या आधाराचेही) तसेच. २५ मायक्रोमीटर पॉलिइमाइड (वाहकता ०.१२) आपल्या १ मायक्रोमीटर फिल्मच्या तिप्पट उष्णता वाहून नेते, म्हणून फिल्म आणि सबस्ट्रेट एकत्र धरून काढलेली झेडटी एक चतुर्थांशावर येते. शोधनिबंधात हा मुद्दा फार मोठा असतो, पण दोन मिलिमीटर अंतराने उभ्या केलेल्या फितींमध्ये फोमची गळतीच इतकी जास्त असते की पातळ आणि महाग पॉलिइमाइड आणण्याची घाई करू नये. फिती अगदी दाट रचायची वेळ आली की मग १२.५ मायक्रोमीटरचे घ्यावे.

आपल्याला वाढवायचे आहेत ते पॉवर फॅक्टर आणि फिल्मची जाडी. पॉवर फॅक्टर म्हणजे सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता, आणि तो ज्या वाहक-घनतेला सर्वाधिक असतो ती घनता झेडटीच्या सर्वोच्च बिंदूपेक्षा थोडी जास्त असते. बिस्मथ टेल्युराइडच्या बाबतीत दोन्ही दर घन सेंटिमीटरला काही गुणिले १० चा १९ वा घात याच पट्ट्यात येतात, पण आपण किंचित जास्त डोपिंगच्या बाजूला झुकलेले बरे. त्यासाठी हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रात वाहकांची घनता आणि गतिशीलता काढणारे मापन) करून घ्यावे. नुसत्या सीबेक गुणांकावरून अंदाज बांधला, तर फिल्ममध्ये घनता कमी आहे की गतिशीलता खराब आहे हे कळत नाही.

एकाच बोटीतून (पदार्थ तापवण्याच्या धातूच्या तबकातून) तयार संयुग तापवून फिल्म घेतली की खरी अडचण टेल्युरियमची होते. टेल्युरियमचा बाष्पदाब बिस्मथच्या कितीतरी जास्त असल्यामुळे ते आधी उडते. फिल्मचा तळ टेल्युरियमने समृद्ध होतो आणि वरचा भाग बिस्मथने. टेल्युरियम कमी पडले की बिस्मथचे अणू त्याच्या जागी जाऊन बसतात आणि होल तयार करतात, तर रिकाम्या राहिलेल्या टेल्युरियमच्या जागा इलेक्ट्रॉन देतात. दोन्ही दोष एकाच फिल्ममध्ये असले की एन-प्रकारचा सीबेक गुणांक नव्वद-शंभरपर्यंत उतरतो, कधी चिन्हही उलटते. उत्तम उपाय म्हणजे बिस्मथ आणि टेल्युरियम दोन वेगळ्या बोटींतून एकाच वेळी उडवणे, टेल्युरियमचा प्रवाह मुद्दाम जास्त ठेवणे आणि सबस्ट्रेट २०० ते २६० अंशांवर तापलेला ठेवणे. त्या तापमानाला जादा टेल्युरियम पृष्ठभागावर टिकत नाही, परत उडून जाते आणि प्रमाण आपोआप जुळते. पॉलिइमाइड हे तापमान सहज सोसते. एकच बोट असेल, तर तिला आधी लाल तापवून संयुगाची भुकटी चिमूटचिमूट तीवर टाकावी, म्हणजे प्रत्येक कण पूर्ण उडतो आणि घटक वेगळे व्हायला वेळ मिळत नाही. नंतरचे ॲनीलिंग (फिल्म तापवून तिची रचना सुधारणे) २५०-३०० अंशांवर, आर्गॉनमध्ये, झाकणाच्या डबीत थोडे टेल्युरियम ठेवून करावे आणि थंड सावकाश होऊ द्यावे.

क्ष-किरण विवर्तनाचा आलेख घेतल्यावर ०१५ ही रेषा सर्वांत उंच दिसली, तर कण वाटेल त्या दिशेने पसरले आहेत असे समजावे. ००६ आणि ००१५ या रेषा वर आल्या, तर स्तर सबस्ट्रेटला समांतर आहेत, आणि आपल्याला तेच हवे आहे, कारण या पदार्थात विद्युतवाहकता स्तरांच्या दिशेने, स्तरांना लंब दिशेपेक्षा कित्येक पट जास्त असते. निक्षेपणाचा वेग कमी आणि सबस्ट्रेट गरम ठेवले की ही रचना मिळते.

जाडी १ वरून ५ मायक्रोमीटर केली की प्रत्येक पट्टीचा रेझिस्टन्स ५० वरून १० ओहमवर येतो (विद्युतवाहकता १ लाख सीमेन्स प्रति मीटर धरून) आणि पॉवर पाच पट होते. जाड फिल्मला तडे जातात ही भीती रास्त आहे, पण हिशेब मांडून पाहावा. वाकवल्यावर फिल्मवर येणारा ताण म्हणजे एकूण जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. ३० मायक्रोमीटरची फीत मनगटाच्या २५ मिलिमीटर त्रिज्येला ०.०६ टक्के ताणली जाते, त्याने काही बिघडत नाही. नागमोडीच्या वळणावर मात्र त्रिज्या १ मिलिमीटर असते आणि ताण दीड टक्का होतो. तेथे ही ठिसूळ फिल्म फाटणारच. म्हणून वळण येते त्या जागी पट्टी ठेवूच नये, तेथून फक्त धातूची जोडणी जाऊ द्यावी. मास्कच्या (पट्ट्यांचा आकार ठरवणाऱ्या साच्याच्या) आराखड्यात एवढा बदल केला की पुरे.

पावसाळ्यात रेझिस्टन्स तिप्पट झाला, त्याचे खापर फिल्मवर फोडण्याआधी चार-टोकी मापनाने (प्रवाह आणि व्होल्टेज यांच्या तारा वेगळ्या ठेवून, म्हणजे जोडांचा रेझिस्टन्स मोजला जात नाही) पट्टीच्या मधल्या भागाचा रेझिस्टन्स पाहावा. तो पूर्वीइतकाच असेल, तर दोष जोडांचा आहे, आणि माझा अंदाज तसाच आहे. शंभर पट्ट्यांना दोनशे जोड असतात. प्रत्येक जोडाने २ ओहम वाढवले, तर ४०० ओहम उगाच वाढतात, आणि ५ मायक्रोमीटर फिल्मच्या १००० ओहमच्या तुलनेत ते फार झाले. सिल्व्हर पेस्ट ओलावा शोषते, तिच्याखाली टेल्युराइडचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि जोड हळूहळू मरतो. जोड बसवण्याआधी पृष्ठभाग आर्गॉन प्लाझ्माने साफ करून लगेच निकेलचा १००-२०० नॅनोमीटर थर द्यावा आणि त्यावर तांबे किंवा सोने. निकेल वगळून थेट तांबे देऊ नये. ते टेल्युराइडच्या स्तरांमध्ये फार वेगाने शिरते आणि डोपिंग बिघडवते. वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्यांचा रेझिस्टन्स मोजून लांबीपुढे आलेख काढला, तर रेषा शून्य लांबीला जेथे छेदते तो दोन जोडांचा रेझिस्टन्स होय. हे मापन प्रत्येक बॅचला करावे; त्याला महागडे यंत्र लागत नाही.

घामाने आकडा हलण्याचे कारण वेगळे आहे. मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. जूनपासून आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता या रेषेच्या वरच असते, म्हणून घामाचा किंवा समुद्राच्या तुषारांचा क्षार एकदा पट्ट्यात शिरला की तो वाळतच नाही. तो शेजारच्या पट्ट्यांमध्ये गळतीची वाट तयार करतो, आणि चांदी, निकेल, टेल्युराइड अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांना भिजवून छोटी गॅल्व्हॅनिक बॅटरीही बनवतो. ते व्होल्टेज थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेजपेक्षा मोठे असू शकते. ओळखायची रीत सोपी आहे: पट्टा मनगटावर उलटा बांधावा. थर्मोइलेक्ट्रिक व्होल्टेजचे चिन्ह बदलते, गॅल्व्हॅनिकचे बदलत नाही. या कसोटीतून न गेलेला मनगटावरचा कोणताही आकडा मी धरत नाही.

सिलिकॉन रबर पाणी अडवते पण वाफ अडवत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फितीवर जोडांसकट पॅरिलीन-सी या प्लास्टिकचा ५ ते १० मायक्रोमीटरचा थर द्यावा. तो सामान्य तापमानाला बाष्परूपातून बसतो, कडा-कोपऱ्यांत सारखा पसरतो आणि वाफ सिलिकॉनपेक्षा कितीतरी चांगली रोखतो. फितीच्या कापलेल्या कडा उघड्या राहू नयेत म्हणून फीत आधी कापावी आणि मगच आवरण द्यावे.

आता एकूण हिशेब. आज आपल्याकडे १२ मिलिव्होल्ट आणि ५ किलोओहम आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ७ नॅनोवॉट. फोमने ते ६० होतात, ५ मायक्रोमीटर फिल्मने ३००. जोड्या ५० च्या ५०० केल्या, तर दीड मीटर फीत लागेल. ती दोन मिलिमीटर अंतराने रचली की ३० चौरस सेंटिमीटर जागा घेते, जी मनगटाच्या रुंद पट्ट्यात मावते. तेव्हा ३४५ मिलिव्होल्ट, १० किलोओहम आणि सुमारे ३ मायक्रोवॉट मिळतील. निम्मे सर्किटमध्ये गेले, तरी ब्लूटूथच्या एका छोट्या संदेशाला लागणारी शंभरेक मायक्रोज्यूल ऊर्जा एक-दीड मिनिटात साठते. सतत नाडी मोजणे यात बसणार नाही. ठरावीक वेळाने आपले अस्तित्व कळवणारा पट्टा बसेल, आणि खलाशी पाण्यात पडल्यास त्याचा संदेश थांबणे हीच खूण मानता येईल.

सर्किट निवडताना एका गोष्टीला फसू नये. एलटीसी ३१०८ ही व्होल्टेज वाढवणारी चिप २० मिलिव्होल्टवर सुरू होते म्हणून सगळे तीच घेतात, परंतु त्या जोडणीत तिचा इनपुट रेझिस्टन्स अवघा काही ओहम असतो. आपल्या हजारो ओहमच्या फितीला ती लावली, तर इनपुटवर एक दशांश मिलिव्होल्टही उरत नाही. ती चिप जाड, ठोकळ्यांच्या मॉड्यूलसाठी आहे. पातळ फिल्मला जास्त इनपुट रेझिस्टन्स चालणारे, स्वतःला एक मायक्रोवॉटपेक्षा कमी लागणारे बूस्ट सर्किट हवे. त्याला सुरुवातीचा धक्का देण्यासाठी कपॅसिटर बंदरावरच भरून द्यावा. शिवाय मे महिन्यात डेकवर उन्हात पट्ट्याची बाहेरची बाजू त्वचेपेक्षा गरम होते आणि प्रवाह उलटतो, त्यामुळे सर्किटने दोन्ही दिशा स्वीकारल्या पाहिजेत.

कोकणातली हवा या साधनाच्या मुळावर आहे असे वाटत असले, तरी दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. पहिली वारा: दुपारचे खारे वारे, पहाटेचे मतलई वारे किंवा बोटीची स्वतःची चाल यांनी हवेच्या बाजूचा रोध निम्मा झाला, तर फिल्मवरचा फरक आणखी पाव पटीने वाढतो. दुसरी बाष्पीभवन. दमट हवेत त्याचा उपयोग नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचे तापमान २७ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे चार केल्विनचे सात होतात आणि पॉवर तिप्पट. पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला सुती कापडाचा पातळ थर ठेवला, तर तुषार आणि घाम त्याला ओला ठेवतीलच. क्षार साचून कापड गच्च होते, म्हणून ते काढून गोड्या पाण्यात धुता यावे अशी सोय करावी.

शेवटी आपण सिल्व्हर सेलेनाइड आणि पेडॉट-पीएसएस (वीजवाहक पॉलिमर) यांविषयी विचारले आहे. सिल्व्हर सेलेनाइड एन-प्रकारात खरोखर चांगले आहे: टेल्युरियम लागत नाही, सच्छिद्र नायलॉनवर गाळून दाबता येते, आणि ती फिल्म टेल्युराइडपेक्षा पुष्कळ जास्त वाकते. मात्र १३४ अंशांच्या आसपास त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमानही बदलते, म्हणून गरम दाबानंतर झटकन थंड केल्यास सूक्ष्म तडे जातात. रासायनिक मार्गाने फिल्म घ्यायची असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी पातळ फिल्म करण्याची जुनी परंपरा आहे. तेथे विचारणा केलेली बरी. पेडॉट-पीएसएस मी या हवेत घेणार नाही. ते ओलावा शोषते, आणि दमट हवेत त्यातील प्रोटॉन गरम टोकाकडून थंड टोकाकडे सरकल्याने सीबेक गुणांक सुरुवातीला फुगलेला दिसतो, पण लोड लावून ठेवला की ओसरतो. पावसाळ्यात घेतलेले त्याचे आकडे तपासायचे असतील, तर तापमानातला फरक कायम ठेवून आणि लोड न काढता ते निदान तासभर पाहावेत.